काव्याचा वेचा आणि त्याची वेळ

काव्याचा वेचा ही गोष्ट मराठीला नवी नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली 'नवनीत' सिद्ध केले, तेव्हा त्या ग्रंथाच्या नावातच 'मराठी कवितांचे वेचे' हे शब्द आले. आणि पुढील अनेक पिढ्यांना मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत यांचे प्रथम दर्शन झाले ते ह्या वेच्यांतूनच. 'नवनीता'तील वेचा अभ्यासासाठी होता. कवीची शैली कळावी, वृत्ताचा परिचय व्हावा, भाषा कमवावी, हा त्याचा हेतू. परंतु मराठी समाजात दुसऱ्याही एका प्रकारचा वेचा फार पूर्वीपासून नांदत आला आहे. तो पुस्तकातून येत नाही. वेळेच्या पोटातून येतो. पहाटेची भूपाळी, दिवेलागणीचा श्लोक, बारशाचा पाळणा, पेरणीच्या दिवसांतील ओवी, लग्नातील मंगलाष्टक ही सारी त्याची उदाहरणे होत. ह्या दुसऱ्या प्रकारच्या वेच्याविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

असा विचार करण्याचे कारण व्यावहारिक आहे. शाळेच्या फळ्यावर रोज दोन ओळी लिहिण्याची प्रथा आपल्याकडे सर्वत्र आहे. सणावारी, ऋतूच्या पालटावेळी, कोणाच्या आनंदात वा दुःखात काव्यपंक्ती लिहून पाठविण्याची हौसही आज भ्रमणध्वनीमुळे घरोघर पोहोचली आहे. कवितेच्या इतक्या ओळी इतक्या हातांतून पूर्वी कधी फिरल्या नसतील. मात्र त्या ओळींपैकी किती वाचणाऱ्याच्या मनात दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात, हा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे समाधानकारक येणार नाही. तेव्हा वेचा टिकतो कशामुळे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम वेच्याच्या रचनेकडे पाहू. मराठीतील जुने छंद मुळातच तोडून घेण्याजोगे आहेत. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा चरण आखूड असतो. त्या आखूड चरणाशी ऐकणाऱ्याचा श्वास थांबतो आणि अर्थही थांबतो. म्हणून हजारो ओव्यांच्या ग्रंथातून एकच ओवी उचलली तरी ती पोरकी वाटत नाही. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते आणि चौथा चरण विधानाला गाठ मारतो. मोरोपंतांची आर्या म्हणून आपण जी ओळखतो ती बहुशः गीती असते. तिच्या प्रत्येक अर्धात तीस मात्रा असतात, आणि एवढ्या आटोपशीर जागेत पंडितकवी आपला सिद्धान्त पूर्ण करतो. मंगलाष्टकांसाठी शार्दूलविक्रीडित हे वृत्त रूढ झाले. एकोणीस अक्षरांच्या ह्या चरणात बाराव्या अक्षरावर यती आहे. त्यामुळे मोठ्या समुदायापुढे उंच स्वरात म्हणताना विसावा मिळतो आणि शब्दही स्पष्ट राहतात. सारांश, ह्या छंदांचे वेचे टिकले त्याला त्यांची घडण कारण झाली आहे.

परंतु घडण हे अर्धेच कारण झाले. दुसरे अर्धे कारण वेळ हे होय. बाराव्या शतकातील चालुक्यराजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ओवीच्या ह्या प्राचीन उल्लेखात तिच्याबरोबर तिचे कामही सांगितलेले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुसळाचा आघात आणि जात्याचा फेरा हा ओवीचा ताल होता. ते काम रोज होई, म्हणून ओवी रोज म्हटली जाई. रोज म्हटली जाई, म्हणून ती पाठ राही. स्मरणशक्तीवर वेगळा भार पडत नसे. वेळच आठवण करून देत असे.

ह्या दृष्टीने गोमंतकाच्या उत्तरेकडील डिचोली आणि पेडणे हे महाल अभ्यासण्याजोगे आहेत. हा मुलूख पोर्तुगीज सत्तेखाली आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तिसवाडी, बारदेस व साष्टी ह्या जुन्या काबिजादींनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. त्यामुळे येथील देवळे, मांड आणि त्यांच्याशी निगडित असलेले वार्षिक विधी बऱ्याच अंशी अखंड राहिले. साखळीजवळचे पाळी हे गाव घ्या, किंवा तसे कोणतेही गाव घ्या. तेथील वर्ष काव्याने आखलेले आढळेल. पौषातील चांदण्या रात्री स्त्रिया मांडावर जमून धालो घालतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि गीताचे चरण एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे जातात. एकीची पाळी संपली की दुसरीची सुरू. भाद्रपदात चवथीला माटोळीखाली गणपती बसतो आणि घरात फुगडीचे फेरे सुरू होतात. तेथेही गीत आखूड, चरण आवर्ती आणि गती चढती. फाल्गुनात शिगम्याच्या मांडावर प्रथम नमन होते, मग जती म्हटल्या जातात. कार्तिकानंतर जत्रांचे दिवस आले की दशावतारी मंडळींची पदे कानी पडतात. देवापुढील गाऱ्हाणे हे तर पद्य नव्हेच. तरी त्याची वाक्ये तोलून-मापून म्हटलेली असतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या समुदायाचा होकार मिळतो, म्हणून तेही कानाला काव्यासारखेच लागते.

वेळेशी बांधलेल्या काव्याची ही रीत गोमंतकात एका धर्माच्या कुंपणात राहिली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका बैठकीत वाचण्यासाठी नव्हताच. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये त्यातील भाग वाचले जात. इंग्लंडातून आलेल्या ह्या जेझुइट धर्मोपदेशकाने आपल्या श्रोत्यांसाठी छंद निवडला तो ओवीचा; आणि ओवीबरोबर तिची वेळेवर म्हणण्याची रीतही आपोआप आली. त्याच्या नव्वद वर्षे अगोदर, १५२६ साली, कृष्णदास शामा याने 'श्रीकृष्णचरित्रकथा' लिहावयास घेतली तीही ओवीतच. दोन कवी, दोन धर्म, पण श्रोत्याचा कान एक.

आता बदल काय झाला तो पाहू. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते अडगळीत गेले. भात कांडण्याचे काम यंत्राने घेतले. डिचोली महालात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. अनेक घरांचा दिवस शेताऐवजी खाणीच्या व वाहतुकीच्या वेळापत्रकाने चालू लागला. आणि २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हाही तो दिवस पूर्वीच्या शेताकडे सरळ परतला नाही. सरद आणि वायंगण ही भाताची दोन पिके घेणाऱ्या घरांत लावणी-कापणीच्या वेळी जी गीते आपोआप तोंडी येत, ती आता आठवून म्हणावी लागतात. ह्याबद्दल केवळ हळहळणे उपयोगाचे नाही. ज्या बाईला पहाटे तीन वाजता उठून दळावे लागत होते, तिला गिरणीने सुखच दिले. परंतु काम गेले तेव्हा कामाच्या आधाराने राहणारे काव्य निराधार झाले, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

काव्याला ज्याने पूर्वी आश्रय दिला ती वेळ अशी नाहीशी झाली, आणि त्याच सुमारास वेचा मात्र सर्वत्र संचार करू लागला. वेळेपासून सुटलेल्या वेच्याला दोन विकार जडतात. एक म्हणजे त्याचे नाव हरवते. लोकगीताला कर्त्याचे नाव नसते आणि त्याची त्याला गरजही नसते, कारण तेथे मांड हीच त्याची ओळख असते. नागर कवितेचे तसे नाही. कोणाची तरी ओळ कोणाच्या तरी प्रसिद्ध नावावर फिरू लागते, आणि पाहता पाहता ती त्या नावाची होऊन बसते. दुसरा विकार अधिक सूक्ष्म आहे. त्यात ओळीचा अर्थ फिरतो. सोहिरोबानाथ आंबिये यांचे उदाहरण घेऊ. ह्या अठराव्या शतकातील संतकवीचे नाव पेडणे महालात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला दिलेले आहे, आणि त्यांचे एक पद जितेंद्र अभिषेकी यांच्या गायनाने घरोघर गेले आहे. त्या पदात अंतरातील ज्ञानदिव्याचा उल्लेख आहे. ती एकच ओळ उचलून दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर लिहिली, तर पणतीच्या चित्राशेजारी ती शोभेल खरी. पण मूळ पदात तो दिवा शोभेसाठी नाही. भजनावाचून आयुष्याचा काळ व्यर्थ दवडू नको, अशी ती निकराची सूचना आहे. दिवा दिसला आणि सूचना निसटली, असा हा प्रकार होतो.

म्हणून वेचा निवडताना पहिली कसोटी ही, की त्याचे मूळ कवितेतील काम आणि नव्या ठिकाणचे काम एकमेकांच्या विरुद्ध जाऊ नये. ते एकच असले पाहिजे असे नाही. परंतु मूळ कवीने ती ओळ त्या जागी पाहिली असती तर त्याला ती आपली वाटली असती, एवढी खात्री असावी.

दुसरी कसोटी वेच्याच्या पुरेपणाची. जुने छंद तोडून घेता येतात, तशी प्रत्येक आधुनिक कविता घेता येत नाही. बालकवींची 'औदुंबर' ही कविता अवघी आठ ओळींची आहे. तिच्या पहिल्या सहा ओळींत झरा, गाव, मळे आणि पाऊलवाट यांचे चित्र आहे. शेवटच्या दोन ओळींत पाण्यावरील काळी छाया येते आणि औदुंबर येतो. पहिल्या चार ओळी फळ्यावर लिहिल्या तर मुलांना एक सुरेख देखावा मिळेल, पण कविता मिळणार नाही. कारण त्या देखाव्याला अर्थ प्राप्त होतो तो शेवटच्या छायेमुळे. अशा ठिकाणी आठही ओळी लिहाव्यात, किंवा दुसरी कविता निवडावी. मुक्तछंदातील कवितांबाबत तर ही काळजी विशेष घ्यावी लागते, कारण त्यांची ओळ बहुधा पुढल्या ओळीवर भार टाकून उभी असते.

तिसरी कसोटी स्थळाची, आणि ऋतूविषयक वेच्यांच्या बाबतीत हीच सर्वांत दुर्लक्षित आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ऋतुवर्णने बहुतेक देशावरची आहेत. बालकवींची 'श्रावणमास' ही कविता कोणा मराठी माणसाला प्रिय नाही? परंतु बालकवींचा जन्म खानदेशातील धरणगावचा. त्या भागात वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो; गोव्यात तो तीन हजारांच्या आसपास असतो. खानदेशातील श्रावण हा सरी आणि ऊन यांचा खेळ असेल. डिचोलीतील श्रावण पुष्कळदा आषाढाचेच शेपूट धरून येतो. ऊन पडते, पण ते पाहुण्यासारखे. तेव्हा पावसाची झड लागलेली असताना पाळीच्या शाळेत ती कविता फळ्यावर लिहिली, तर मुलाला खिडकीबाहेर एक ऋतू दिसेल आणि फळ्यावर दुसरा. ह्याचा अर्थ ती कविता येथे वर्ज्य करावी असा नव्हे. ज्या दिवशी खरोखर उघडीप पडेल त्या दिवसासाठी ती राखून ठेवावी. पाच-सात दिवस थांबण्याची तयारी ठेवली तर मूल ती कविता पाठ करण्याऐवजी ओळखील.

गोमंतकाच्या ऋतूंना गोमंतकाचा कवी मिळालेला आहे, हे आपले भाग्य होय. बा. भ. बोरकर (१९१०–१९८४) यांच्या काव्यसंग्रहांची नावे जरी पाहिली तरी ह्या भूमीचा निसर्ग डोळ्यांपुढे येतो. 'दूधसागर' (१९४७) हे नाव येथील धबधब्याचे. 'चैत्रपुनव' (१९७०) हे नाव येथील चांदण्याचे. ह्या दुसऱ्या नावात कवीने 'पौर्णिमा' हा शब्द न घेता 'पुनव' घेतला, ही निवड विचार करण्याजोगी आहे. कारण तिच्यात आपल्या चौथ्या कसोटीचे बीज आहे.

ती कसोटी म्हणजे, वेचा सुधारू नये. मांडावरचे गीत किंवा आजीची ओवी कोणी मूल शाळेत घेऊन आले, तर ती लिहून घेताना शिक्षकाचा हात नकळत शुद्धलेखनाकडे वळतो. 'पुनव'च्या जागी 'पौर्णिमा' येते, 'चवथ'च्या जागी 'चतुर्थी' येते. हेतू चांगला असतो. परंतु परिणाम पाहा. 'पुनव' हा शब्द तीन मात्रांचा, 'पौर्णिमा' पाच मात्रांचा. 'चवथ' तीन मात्रांचा, 'चतुर्थी' पाच मात्रांचा. प्रत्येक दुरुस्तीबरोबर दोन मात्रा वाढतात आणि फुगडीचे पाऊल चुकते. ज्या चालीवर ते गीत पिढ्यान्‌पिढ्या टिकले, ती चाल आपण एका खडूच्या रेघेने मोडतो. शिवाय डिचोली-पेडण्याच्या ह्या गीतांत मराठी कोठे संपते आणि कोकणी कोठे सुरू होते, हे रेघ ओढून दाखविता येत नाही. एकाच गीतात एक शब्द घरचा आणि दुसरा पोथीचा असतो. भाषेच्या प्रश्नावर गोमंतकात तीव्र वाद झाले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने त्या वादाला एक कायदेशीर आकार दिला. परंतु धालोतील स्त्रीने हा वाद कधी केला नव्हता. तिची ओळ दोन्ही भाषांचा वारसा आहे. ती एका बाजूला ओढण्यासाठी तिच्यातील शब्द बदलणे हे दोन्ही भाषांचे नुकसान होय.

ह्या चार कसोट्या मान्य केल्या तर शाळेसाठी वर्षाची एक साधी आखणी करता येते. आरंभ मृगापासून करावा, कारण येथील शेतकऱ्याचे वर्ष तेथूनच सुरू होते. मृगाला पेरणीची ओवी, आषाढीला अभंगाचा एक चौक, श्रावणात उघडीप पडेल त्या दिवशी निसर्गकविता, चवथीच्या आठवड्यात फुगडीचे एक कडवे, आणि ते मुलींनीच सांगितलेले, कापणीच्या दिवसांत घराघरांतून जे मिळेल ते, जत्रांच्या दिवसांत दशावतारातील पदाचा परिचय, पौषात धालोचे गीत, शिगम्याला जत, रामनवमीला पाळणा, आणि मेघांनी आकाश पुन्हा भरू लागले म्हणजे बोरकर. प्रत्येक वेच्याखाली कवीचे नाव व कवितेचे शीर्षक लिहावे. कवी अज्ञात असेल तर गाव आणि प्रसंग लिहावा, उदाहरणार्थ 'पाळी, धालो'. मात्र मांडावरची काही गीते त्या मांडापुरती आणि त्या रात्रीपुरतीच म्हणावयाची, असा संकेत असतो. तेथे गावातील जाणत्या स्त्रियांना विचारूनच पुढे जावे; त्यांनी नको म्हटले तर तो वेचा फळ्यावर आणू नये. सर्व काही लिहून काढणे म्हणजे सर्व काही जपणे नव्हे.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. रोज नवा वेचा देण्याच्या भरात आपण एकही वेचा मुरू देत नाही. जात्यावरची ओवी वर्षानुवर्षे तीच होती, आणि म्हणूनच ती आईकडून मुलीकडे गेली. आठवड्याला एकच वेचा फळ्यावर राहिला, मुलांनी तो सकाळी एकदा व सुटीपूर्वी एकदा मोठ्याने म्हटला, आणि पुढल्या वर्षी त्याच ऋतूत तो पुन्हा आला, तर चार वर्षांत मुलाच्या कानात काव्याचे एक स्वतःचे पंचांग तयार होईल. मग ढग आले की त्याला ओळ आठवेल. ओळ आठवली की ढगांकडे त्याचे लक्ष जाईल. काव्य आणि जीवन यांचा संबंध म्हणून आपण जे मोठ्या शब्दांत सांगतो, ते प्राथमिक शाळेच्या पातळीवर एवढेच आहे, आणि एवढे पुरेसे आहे.

ह्या कामाला फार वेळ उरलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर खेड्यापाड्यांतून मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि पुस्तकातील कविता घराघरात पोहोचली. त्या वेळी मांडावरची कविता लिहून घेण्याची कोणाला घाई वाटली नाही, कारण ती सर्वांच्या तोंडी होती. आज अनेक गावी शाळांचा पट उतरला आहे आणि जात्यावर ओवी गायिलेल्या स्त्रिया वृद्ध झाल्या आहेत. विनायक खेडेकरांसारख्या अभ्यासकांनी गोमंतकीय लोकवाङ्मयाचे संकलन करून मोठे काम केले. परंतु ग्रंथातील संकलन हे कोठारातील बियाणे होय. ते शेतात पडावे लागते. त्यासाठी ज्या शिक्षकाच्या वर्गात दहाच मुले आहेत, त्याला तर अधिक सोयीचे आहे. दहा घरांतील दहा आज्यांना विचारून दहा ओव्या आणणे हे एका आठवड्याचे काम आहे. येत्या मृगापूर्वी तेवढे झाले, तरी पेरणीच्या दिवशी फळ्यावर काय लिहावे, हा प्रश्न त्या शाळेला पडणार नाही.